बाई बदलून गेल्या, पान शाळेत राहिलं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्याला शाळा उघडतील. त्याआधी शिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी, केंद्रप्रमुखांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. मी परभणी जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका आहे. माझ्या मुलाला टुरेट सिंड्रोम आहे. चौथी ते सातवी तो आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकला, आता आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात जाईल. गावच्या शाळेने त्याच्यासाठी जे केलं त्याला निधी लागला नाही, खोली बांधावी लागली नाही, नवं पद भरावं लागलं नाही.

आजाराविषयी थोडं आधी सांगते. टुरेटमध्ये मूल डोळे मिचकावतं, मान झटकतं, खांदा उडवतं, नाक ओढतं, घसा खाकरतं, मधूनच एखादा आवाज काढतं. या हालचालींना आणि आवाजांना टिक म्हणतात. वेगवेगळ्या हालचाली आणि निदान एक तरी आवाज, हे सगळं वर्षभराहून जास्त काळ चाललं आणि अठरा वर्षांच्या आत सुरू झालं, तर डॉक्टर टुरेट म्हणतात. पॅरिसच्या जॉर्ज जिल द ला तुरेत या डॉक्टरांनी १८८५ साली नऊ रुग्णांची माहिती लिहून ठेवली, त्यांचंच नाव पुढे आजाराला पडलं. बहुतेकांना पाच ते सात वर्षांच्या वयात सुरुवात होते, दहा-बाराव्या वर्षी जोर सगळ्यात जास्त असतो आणि मोठेपणी पुष्कळांचं बरंच कमी होतं. म्हणजे त्रास सर्वांत जास्त असतो तो नेमका शाळेच्या वर्षांत. शाळकरी वयाच्या हजार मुलांमागे साधारण ३ ते ८ जणांना हे असतं असा अंदाज आहे, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये तीन-चार पटींनी जास्त. एका केंद्राखालच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळांची पटसंख्या मोजली तर त्यात दोन-चार लेकरं अशी असणारच. ती कुठे आहेत? बहुतेक शेवटच्या बाकावर, किंवा वर्गाच्या दाराबाहेर, 'वात्रट' म्हणून.

टुरेट म्हणजे शिवीगाळ, असा एक समज मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे पसरला आहे. तोंडातून आपोआप शिवी जाणं दहातल्या एखाद्यालाच होतं. माझ्या मुलाला ते नाही. असतं तरी तो त्याचा गुन्हा नसता.

पहिलीला आम्ही त्याला तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत घातलं होतं. दुसरीत डोळे मिचकवायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. मग घशातून 'हुं हुं' असा आवाज सुरू झाला, तेव्हा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. मग मान. डायरीत लाल शाईने शेरे यायला लागले : 'वर्गात मुद्दाम आवाज काढतो', 'वारंवार सांगूनही सुधारणा नाही'. त्याला व्हरांड्यात उभं करायचे. एकदा स्कूलबसमधल्या माणसाने मिरगी समजून त्याच्या नाकाला चप्पल लावली. गावात कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अमावास्येला अमुक ठिकाणी न्या. आम्ही त्याला छत्रपती संभाजीनगरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी त्याला आपल्या गावाबद्दल, म्हशीबद्दल बोलतं केलं आणि तेवढ्या वेळात नुसतं बघत राहिले. त्या दिवशी आजाराला नाव मिळालं.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी शाळेत गेले. तिथे मला सांगण्यात आलं की, बाकीच्या पालकांच्या तक्रारी आहेत, तुम्ही याला नीट करून आणा. नाव काढलं नाही त्यांनी. दाखला मिळावा असा अर्ज माझ्याच हाताने लिहून घेतला. असे अर्ज आपल्या भागात किती आयाबापांनी लिहिले असतील, याची नोंद कुठेच सापडणार नाही, कारण कागदोपत्री ते मूल 'पालकांच्या विनंतीवरून' गेलेलं असतं.

आता गावच्या शाळेचं सांगते.

चौथीच्या वर्गशिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो, त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलंच नाही की हा बरा कधी होणार. त्यांनी विचारलं, "याला वर्गात कशाचा त्रास होतो?" आणि मग तोच प्रश्न त्याला विचारला. त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "मानेत काहीतरी भरून येतं. झटकलं की जातं. थांब म्हणलं की अजून येतं." शिंक येण्याआधी नाकात जे होतं, तसं त्याला मानेत, गळ्यात होतं. ती शिंक थोडा वेळ दाबता येते, कायमची नाही. आणि दाबायची म्हटलं की सगळं लक्ष तिथेच जातं. फळ्यावर काय चाललंय ते मग कुणी बघायचं?

एवढ्या एका गोष्टीवर शिक्षकांचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. "मी रागावले की थांबतो, म्हणजे याला जमतं, म्हणजे हा नाटक करतो." थोडा वेळ थांबवता येणं हा आजाराचाच भाग आहे. जुन्या शाळेतून तो दिवसभर दाबून घरी यायचा आणि दप्तर टाकल्याबरोबर सुरू व्हायचं. मान दुखेपर्यंत. संध्याकाळी मी गरम पाण्याचा टॉवेल ठेवून शेकायची.

बाईंनी त्याला विचारलं की, वर्गाला सांगायचं का, कोण सांगणार, तू असताना की नसताना. तो म्हणाला, "तुम्ही सांगा, मी खडू आणायला जातो." त्या दिवशी बाईंनी मुलांना एक काम दिलं : पापणी न लववता सतराचा पाढा लिहा. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणाचा पाढा चुकला, पापणी तर सगळ्यांचीच लवली. मग बाईंनी विचारलं, पाढा येत नव्हता का? येत होता. मग का चुकला? पोरं आपसूकच बोलायला लागली. एका मुलीने विचारलं, "बाई, त्याला दुखायलंय का?" दुसऱ्याने विचारलं, "आम्हाला लागंल का?" बाईंनी दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. कधी कधी दुखतं. लागत नाही, सर्दीसारखा पसरणारा हा आजार नाही. बोलून झाल्यावर एकच नियम सांगितला : आवाज झाला तर त्याच्याकडे वळून बघायचं नाही, आपलं काम चालू ठेवायचं. हा नियम बाईंनी स्वतःलाही लावून घेतला. वर्ग शांत असताना 'हुं' झालं की बाईंचं वाक्य तुटत नसे. मुलं शिक्षकाचा चेहरा बघून ठरवतात की काय हसण्यासारखं आहे.

जागा त्याला निवडू दिली. त्याने भिंतीकडची, दाराजवळची घेतली, म्हणजे मागून कुणी मान बघत नाही आणि बाहेर जायला कुणाला ओलांडावं लागत नाही. फार भरून आलं की हात वर न करता, न विचारता तो बाटली भरायला टाकीपाशी जाणार, दोन मिनिटं मोकळा होऊन येणार, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात तो पुन्हा पुन्हा जायचा. नंतर जाणं आपोआप कमी झालं. जाता येतं हे माहीत असलं की जायची गरजच कमी पडते, असं बाई म्हणायच्या, आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं : ताण वाढला की टिक वाढते.

चाचणीच्या वेळी तो मोठ्या गुरुजींच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, खोलीत बसायचा. कारण शांत वर्गात आपला आवाज होऊ नये या धसक्यानेच तो निम्मा पेपर सोडून द्यायचा. हाताला झटका येत होता त्या काळात अक्षर कागद फाडून जायचं. तेव्हा बाईंनी काही उत्तरं तोंडी घेतली आणि गुण तेवढेच दिले. आधीच्या शाळेत गणितात काठावर असणारा मुलगा पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसला. यादीत आला नाही, पण पूर्ण पेपर सोडवून आला, मध्ये न उठता.

गोळी सुरू झाली तेव्हाची गोष्ट मला आरोग्य खात्यातली बाई म्हणून विशेष वाटते. या औषधांनी काही मुलांना झोप येते, काहींचं वजन वाढतं. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवली : किती वाजता डोळे जड होतात, जेवणानंतर की आधी, कोणत्या दिवशी टिक जास्त. ती वही मी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी त्यावरून गोळीची वेळ बदलली. आई घरी दिवसाचे चार तास बघते, शिक्षक सहा तास बघतो. ही नोंद दुसरं कुणी करूच शकत नाही.

गोळीखेरीज एक उपाय असतो, त्यात मुलाला टिक येण्याआधीची ती जाणीव ओळखायला आणि तिच्याविरुद्ध दुसरी हालचाल करायला शिकवतात. घशातून आवाज येणार असं वाटलं की तोंड मिटून नाकाने संथ श्वास. अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे शिकलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना चांगला फरक पडला. आपल्याकडे हे शिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही मोठ्या शहरांत. आम्ही एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडून मोबाइलवर शिकलो. त्याचा सराव करायला वर्गात अर्धा मिनिट मिळणं, तेवढ्यात कुणी "झोपलास का?" असं न म्हणणं, हे शाळेच्या हातात होतं. ते तिने दिलं.

सगळं गोड झालं असं नाही. सहावी-सातवीची काही पोरं मधल्या सुट्टीत त्याचा आवाज काढून दाखवायची. मोठ्या गुरुजींनी छडी काढली नाही. त्यांनी त्या पोरांच्या पालकांना बोलावलं, पोरांसमोर आजार समजावून सांगितला आणि त्यातल्या म्होरक्याला पुढच्या जूनमध्ये नव्या मुलांना हे समजावून सांगायचं काम दिलं. पालकसभेत एका आजीबाईंनी विचारलंच, "कामून करायलंय वं ते लेकरू असं? बाहेरचं बघितलं का?" मोठ्या गुरुजींनी मला बोलायला उभं केलं. गणवेशात गेले होते, लसीकरणाचा दिवस होता. मी सांगितलं की हा मेंदूतला, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागातला दोष आहे, पुष्कळदा आनुवंशिक असतो, संस्कारांचा किंवा कुणाच्या नजरेचा संबंध नाही. त्या आजीबाईंनी नंतर शाळेच्या गेटपाशी त्याला बोरं दिली. त्यांच्या घरात आता हा विषय वेगळ्या शब्दांत बोलला जातो.

पाचवीच्या दिवाळीनंतर त्याने स्वतः सांगितलं की परिपाठात मला बातम्या वाचायच्या आहेत. माझ्या पोटात गोळा आला. बाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "आवाज आला तर थांबायचं, झाला की पुढचं वाक्य." तुमच्याच पेपरातल्या ठळक बातम्या, सगळ्या शाळेसमोर, माइकवर. वाचताना एकदा-दोनदा 'हुं' झालं, माइकमुळे ते मैदानभर घुमलं, आणि रांगेतलं एकही पोरगं हललं नाही. तो वाचत राहिला. हळूहळू दिसलं की वाचण्यात रमला की टिक जवळजवळ थांबतात. मन एखाद्या कामात पूर्ण गुंतलं की पुष्कळ मुलांना असं होतं. सातवीपर्यंत बातम्या हा त्याचाच विभाग होता. जिल्ह्यातल्या धरणांत किती पाणी, सोयाबीनचा भाव काय, हे त्याला घरातल्या सगळ्यांपेक्षा आधी माहीत असतं.

सहावीच्या सुरुवातीला बाईंची बदली झाली.

जिल्हा परिषदेत बदल्या होतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला रात्रभर झोप लागली नाही. एका चांगल्या माणसाच्या जोरावर उभं राहिलेलं सगळं त्या माणसाबरोबर जातं, हे मी आमच्या खात्यात पुष्कळ बघितलं आहे. बाईंनी जाण्याआधी एक पान लिहून ठेवलं होतं : याच्यासाठी वर्गात काय करायचं, काय नाही. त्याला आणि मला बसवून लिहिलं, मोठ्या गुरुजींची सही घेतली, एक प्रत प्रगतिपुस्तकात लावली. नवे सर आले तेव्हा त्यांनी टुरेट हा शब्द ऐकलेला नव्हता. त्यांनी ते पान वाचलं, दुसऱ्या दिवशी त्याला जागा निवडायला सांगितली. कुणाला काही पहिल्यापासून समजावावं लागलं नाही. सरांनी पुढे स्वतःची दोन वाक्यं त्यात वाढवली : टिक बदलत राहतात, जुनी जाऊन नवी येते, त्याला 'आता हे काय नवीन' असं म्हणू नये, आणि सुट्टीनंतर कमी दिसल्या तर 'बरा झाला' असं जाहीर करू नये, कारण परत वाढल्या की त्याला अपराधी वाटतं.

संपादक महोदय, हे पत्र त्या पानासाठी आहे. माझ्या मुलाला चांगल्या बाई मिळाल्या हे त्याचं नशीब. पण आपल्या जिल्ह्यातल्या बाकीच्या लेकरांचं शिक्षण नशिबावर का असावं?

कायदा या लेकरांच्या बाजूचाच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, यात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. व्हरांड्यात उभं करणं हा मानसिक छळ नाही, असं मला कुणी समजावून सांगावं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मुलाच्या गरजेप्रमाणे शाळेने सोयी कराव्यात असं सांगतो. त्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत टुरेट हे नाव स्वतंत्र लिहिलेलं नाही, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर आईबापांना परत पाठवलं जातं. माझी वरिष्ठांना विनंती आहे की, वर्गातल्या जागेसाठी आणि पाणी प्यायला जाण्यासाठी प्रमाणपत्राची वाट बघायला लावू नका. डॉक्टरांची चिठ्ठी पुरे झाली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, मी त्या डॉक्टरांबरोबर काम केलेलं आहे. पण अनोळखी माणूस समोर आला की मूल टिक दाबून धरतं. पाच मिनिटांच्या तपासणीत ती दिसणारच नाही. शिक्षकाने कागदावर नाव लिहून दिलं तरच पथक पुढे जिल्हा रुग्णालयाला पाठवू शकेल. आणि शिक्षकाने लिहून द्यायचं तर त्याला आधी माहीत हवं. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. त्यातला एक तास, फक्त एक, या विषयाला द्यावा. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्यात आहेत, त्यांनी तो घ्यावा. तो सतराच्या पाढ्याचा प्रयोग शिक्षकांकडूनच करून घ्यावा.

ज्या आईबापांना आपल्या लेकराबद्दल शंका आहे त्यांनी उतारे काढत बसू नये. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात दाखवावं. जाणं जमत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

हायस्कुलात त्याचं नाव घातलं तेव्हा दाखल्यासोबत ते पान दिलं. कारकुनाने विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, फाइलला लावा आणि वर्गशिक्षक ठरले की त्यांना दाखवा. तिथे विषयागणिक शिक्षक वेगळे, वर्ग मोठा, पोरं अनोळखी. वर्गशिक्षक ठरल्यावर शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला घेऊन जाणार आहे. वर्गाला काय सांगायचं ते या वेळी तो स्वतः सांगेन म्हणतो.

त्या पानाची कोरी प्रत, मुलाचं नाव आणि खाजगी मजकूर काढून, मी या पत्रासोबत आपल्याकडे पाठवत आहे. कोणत्याही शाळेने मागितली तर कृपया द्यावी. आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत कुणाला मी यावं असं वाटत असेल तर आपल्यामार्फत कळवावं, लसीकरणाचा वार सोडून कधीही येईन.

आपली,
एक आई, जि. परभणी
(मुलाच्या हितासाठी नाव छापू नये, ही विनंती. नाव-पत्ता सोबत दिला आहे.)